बाबांचं अकरावं मरण

चौथ्यांदा! चौथ्यांदा विकत घेतला हो मी तो सिनेमा, आणि चौथ्यांदासुद्धा बाबा नाहीत! म्हणजे आहेत… पण नाहीत… थांबा, हसू नका, तुम्ही हसलात की मलाही हसू येतं, आणि मी हसलो की या डाव्या बाजूच्या दोन बरगड्या अशा कळ मारतात की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बरं, चष्मा नाही डोळ्यांवर, तो त्या अंधाऱ्या खोलीत राहिला, तीन तुकड्यांत. त्यामुळे तुम्ही सगळे मला नुसते गोळे दिसताय. राग मानू नका, चांगले गोळे आहात, पण गोळेच. तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो मी. बावीस वर्षं! आता काच घासणारा माणूस तापट असून चालेल का? एक झटका बसला की भिंग गेलं कामातून. गिऱ्हाईक येतं, डोक्यावर चष्मा ठेवून ‘माझा चष्मा कुठाय’ म्हणून माझ्यावर खेकसतं, मी म्हणतो, ‘बसा, पाणी घ्या.’ असा माणूस मी. आणि त्या माणसाने एका दिवसात एक टीव्ही, एक दुकान आणि एक माणूस फोडला, तर त्याला काही कारण असेल की नाही? का मला हौस आलीय?

तर बाबा. माझे बाबा सिनेमात होते. नाही, हिरो नाही. व्हिलन नाही. हिरोचा मित्रही नाही. बाबांचं काम पडायचं. जिन्यावरून पडायचं, छतावरून पडायचं, घोड्यावरून पडायचं, आणि पडून झालं की मरायचं. ‘पाताळग्रह’ नावाची ती पाच सिनेमांची मालिका आठवतेय का? जमिनीखाली एक ग्रह, तिथली ती दुष्ट राणी, थर्माकोलची यानं, आणि राणीचे ते चंदेरी हेल्मेटवाले पहारेकरी? हां! त्या पहारेकऱ्यांतले एक बाबा. आता गंमत अशी की पहारेकरी पडद्यावर शेकड्यांनी मरतात, पण पडायला माणसं होती आठ. हेल्मेटच्या आत कोण आहे हे कोणाला दिसतंय? म्हणून त्याच आठ जणांना उठवून उठवून मारायचे. माझे बाबा चार सिनेमांत अकरा वेळा मेले.

अकरा वेळा! मी मोजलेत. पहिल्या सिनेमात किरणबंदुकीने छातीला भोक पडून सतरा पायऱ्या गडगडत खाली, खाली गादी नाही, बरं का. मग त्याच लढाईत दुसऱ्या बाजूने धावत येऊन पुन्हा मेले. दुसऱ्यात त्या आठ हातांच्या प्राण्याने मान पिरगाळली, काडकन! मग लोखंडी दारात चिरडले. मग उकळत्या कढईत… कढईत साबणाचं पाणी होतं म्हणे, पण डोळे आठवडाभर लाल. तिसऱ्यात पाच वेळा मेले, त्यातलं एक मरण असं सुंदर आहे की पाठीत भाला घुसतो, बाबा दोन पावलं चालतात, भिंतीला टेकतात आणि मग दमलेला माणूस बसतो तसे बसतात. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा पोरं हिरोच्या नकला करायची, मी मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून मरायचो.

आणि एवढं सगळं पचवलेला माणूस खरा मेला कशाने? काविळीने. मी पाच वर्षांचा. भाला नाही, कढई नाही, काविळीने!

बाबांचे फोटो आहेत की घरात. चार आहेत. चारही फोटोंत कोणीतरी दम भरून बसवल्यासारखे ताठ बसलेत. हलणारे बाबा फक्त पाताळग्रहात. आणि हलणारे, हसणारे, चेहरा दिसणारे बाबा फक्त एका ठिकाणी, चौथ्या सिनेमात, अकराव्या मरणात. काय होतं, हिरॉइन लोखंडी दांडा घेऊन येते आणि पहारेकऱ्याच्या डोक्यात हाणते. पहारेकरी म्हणजे बाबा. ते पडतात, मागची भिंत कोसळते, आणि पडताना हेल्मेट सुटून घरंगळत जातं. चूक झाली हो, सुटायला नको होतं! आणि दीड सेकंद, फक्त दीड सेकंद, खाली मरून पडलेले माझे बाबा कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे कुठेतरी बघतात आणि हसतात. मेलेला माणूस! हसतो! खळखळून नाही, गालातल्या गालात, कोणीतरी ओळखीचं दिसल्यावर हसतो तसं. मग लगेच पुढचं दृश्य.

ते दीड सेकंद म्हणजे माझे बाबा. एवढेच माझ्या वाट्याला आलेत.

आता ऐका, ते कसे कसे माझ्या हातून काढून घेतले. आधी होत्या कॅसेटी, दर सिनेमाची एक. आईने आणलेल्या, व्हिडिओवर लावायच्या, एकेक वीट असते ना तेवढी. त्यांच्यात अकराच्या अकरा मरणं होती. रंग ओघळलेले, राणीचे ओठ नाकापर्यंत गेलेले, पण बाबा होते! मी मागे-पुढे, मागे-पुढे करून ते दीड सेकंद इतके बघितले की नेमकी तेवढीच फीत झिजली. पुढेपुढे बाबा हसायला लागले की पडद्यावर पांढऱ्या रेघांचा धिंगाणा. तरी रेघांच्या मागे ते असायचे. आई मात्र चौथा सिनेमा लावला आणि हिरॉइनने दांडा उचलला की उठून आत जायची. दर वेळी! मला वाटायचं, बिचारीला बघवत नाही.

मग आली पहिली डीव्हीडी. वर लिहिलेलं, ‘संपूर्ण कुटुंबासाठी’. मी म्हटलं, छान, आमचंही कुटुंबच आहे. लावली. सगळं रक्त कापलेलं! मारामाऱ्या कापलेल्या! हिरॉइन दांडा उचलते आणि पुढच्या क्षणी ती कपाळाचा घाम पुसतेय. मधे काय केलं बाईने, कपडे वाळत घातले? अकरा मरणांतली चार उरली. मी काही बोललो नाही. मी शांत माणूस आहे, तुम्हाला सांगतो. फक्त ती डीव्हीडी गॅसवर धरली.

दुसरी आली, ‘भव्य रुंद पडद्यावर’. रुंद म्हणजे काय केलं त्यांनी, तर चित्र ताणलं आणि वरून-खालून कापलं. आता पडलेला माणूस कुठे असतो? खालीच असतो ना? हिरो उभा, हिरॉइन उभी, सगळे उभे राहणारे जिवंत, आणि पडणारे सगळे कापले गेले! बाबांचे बूट दिसत होते, एका कोपऱ्यात. तो पहारेकऱ्यांचा सरसकट बूट, आठही जणांचा एकाच मापाचा, त्यावरून काय ओळखणार बापाला! त्या रात्री मी उशी फोडली. म्हणजे खरंच फोडली, चार दिवस घरात कापूस उडत होता.

तिसरी आली ती दिग्दर्शकाच्या मनासारखी. म्हातारा झाला आणि त्याला उपरती झाली की आपल्या सिनेमात प्राणी कमी होते. घाल म्हणे कॉम्प्युटरवरून प्राणी! आणि एक सहा पायांचं जनावर, तुम्हाला सांगतो, सगळा पाताळग्रह मोकळा पडलेला असताना, नेमकं दीड सेकंद बाबांच्या तोंडावरून चालत गेलं! डुलत डुलत! मी टीव्हीजवळ जाऊन त्या जनावराच्या पायांच्या मधून बघायचा प्रयत्न केला, शपथ सांगतो. चार पायांपर्यंत काहीतरी दिसतंय असं वाटायचं, पाचवा आला की संपलं.

आणि मग यंदा जाहिरात आली. मूळ निगेटिव्हवरून! एकेक चौकट धुऊन-पुसून! काही कापलेलं नाही, काही वाढवलेलं नाही, पाचही सिनेमे, पोलादी पेटीत! मी चार महिने आधी नाव नोंदवलं. पेटी आली त्या दिवशी रजा टाकली. आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. आईला म्हटलं, ‘आई, ये, आज बाबा स्वच्छ दिसणार.’ आई म्हणाली, ‘तू बघ, मला शिवण आहे.’ माझी आई अजून शिवते, सत्तरीत, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते, चष्म्याशिवाय. माझ्या धंद्याला कलंक आहे ती.

लावली. काय सांगू… पहिल्या मरणाला मी रडलो. सतरा पायऱ्या, एकेक पायरी मोजून घ्या! कढईतले बुडबुडेसुद्धा मोजून घ्या! तिसऱ्यातला भाला, भिंतीला टेकणं, धूळ उडालेली दिसतेय! दहा मरणं झाली, दहाही चोख. आणि चौथा सिनेमा, हिरॉइन आली, दांडा उचलला, हाणला, बाबा पडले, भिंत कोसळली…

हेल्मेट डोक्यावरच!

डोक्यावर! पट्ट्यासकट! मेलेला पहारेकरी मेल्यासारखा पडलाय, हसत नाही, बघत नाही, नुसता चंदेरी गोळा! मी मागे घेतलं, परत लावलं, हेल्मेट. परत लावलं, हेल्मेट. अहो, घरंगळत गेलेलं हेल्मेट जमिनीवरून पुसलं आणि बापाच्या डोक्यावर कॉम्प्युटरने बसवलं! तुम्हाला सांगतो, मी शांत माणूस आहे. मी शांतपणे उठलो, शांतपणे ती पोलादी पेटी उचलली आणि टीव्हीत घातली.

आवाज केवढा झाला म्हणता! आईने आतून विचारलं, ‘कोण मेलं?’ म्हटलं, ‘बाबा!’

तसाच दुकानात गेलो, जिथून पेटी घेतली तिथे. तिथे काय, सोहळा चाललेला. पाताळग्रहाच्या चाहत्यांची एक संघटना आहे, तिचे अध्यक्ष आलेले. हा अध्यक्ष म्हणजे पन्नाशीचा, आयुष्यात जिन्यावरून कधी घसरलाही नसेल, आणि उभा कसा, तर पहारेकऱ्याच्या वेशात! चंदेरी अंगरखा, डोक्यावर हेल्मेट! माझ्या बापाचे कपडे घालून हा पेट्यांवर सह्या करतोय! तरी मी सभ्यपणे विचारलं, ‘अध्यक्ष महाराज, चौथ्या सिनेमातला तो हसणारा पहारेकरी कुठे गेला?’ तर काय म्हणाला माहितीये? हेल्मेटच्या आतून, घुमवत घुमवत: ‘अहो, चूक होती ती! घोडचूक! मेलेला मनुष्य हसतो म्हणजे काय? आम्ही वीस वर्षं ओरडत होतो! हेल्मेटच तर बसवलंय, त्यात एवढं बिघडलं काय?’

बिघडलं काय!

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. आता तुम्ही विचार करा, हेल्मेट घातलेल्या माणसाच्या तोंडावर बुक्की मारली, तर मोडणार काय? माझी दोन बोटं! ही बघा, ही आणि ही. मी कळवळून वाकलो, अध्यक्षाला वाटलं मी डोकं मारतोय, त्याने गुडघा घातला माझ्या नाकात, मी त्याच्या अंगरख्याला लटकलो, अंगरखा फाटला, आम्ही दोघं मिळून त्या उभ्या कपाटावर, कपाट दुसऱ्या कपाटावर, दुसरं तिसऱ्यावर… हिरोचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा होता दाराशी, त्याची मान गेली. मी अध्यक्षाच्या छाताडावर बसून हेल्मेट ओढतोय, ते निघत नाही, तो आतून ओरडतोय, ‘कान! कान! कान!’ मी म्हणतोय, ‘आता का निघत नाही? माझ्या बापाचं बरं निघालं!’ शेवटी तो आतून रडायला लागला. ‘मी नाही हो बसवलं! आम्ही नुसतं ओरडायचो, आमचं कोण ऐकतंय! त्या पुसणाऱ्याला विचारा!’ म्हटलं, कोण पुसणारा? तर म्हणे, एकच माणूस आहे, सगळ्या चौकटी त्यानेच पुसल्या, अमुक रस्ता, अमुक इमारत, तळघर. मी त्याला उठवला, अंगरखा झटकून दिला, आणि निघालो.

मधल्या वाटेत घरी गेलो, आणि इथे माझं नशीब फुटलं. मी म्हटलं पुरावा न्यावा. कपाटातून चौथ्या सिनेमाची ती जुनी कॅसेट काढली, रेघारेघांची, पण अख्ख्या जगात माझ्याकडे बाबांचा हसणारा चेहरा असलेली तेवढी एकच वस्तू. पिशवीत टाकली. आई म्हणाली, ‘नाकातून रक्त येतंय तुझ्या. कुठे चाललास?’ म्हटलं, ‘चौथ्या सिनेमात हेल्मेट कोणी बसवलं ते बघायला.’ आई एकदम उठली, मांडीवरचं सगळं शिवण खाली. ‘अरे थांब, ऐक जरा,’ म्हणाली. मी कशाला थांबतोय! आमच्या घरात मी एकदा चिडलो की कोणाचं ऐकत नाही. असा मी शांत माणूस.

तळघर. लांबलचक खोली, अंधार, कॉम्प्युटरचे दोन पडदे लावलेले, भिंतीला छतापर्यंत पत्र्याचे गोल डबे, आणि वास कसला, तर व्हिनेगरचा. जुनी फिल्म कुजली की तसा वास येतो म्हणे. आणि मधे तो पुसणारा. काटकुळा, डोळे खोल गेलेले, हातात पांढरे सुती मोजे. मला बघून घाबरला नाही, काही नाही, रक्ताळलेला माणूस रोज येतो अशा चेहऱ्याने म्हणाला, ‘मोठ्याने बोलू नका, धूळ उडते.’ धूळ उडते!

मी विचारलं, ‘चौथ्या सिनेमात हेल्मेट तू बसवलंस?’

‘हो,’ म्हणाला. आणि अभिमानाने बरं का! ‘छत्तीस चौकटी. दोन महिने लागले. पट्ट्याची सावलीसुद्धा हनुवटीवर बरोबर पडलीय, बघितलीत का?’

सावली बघितली का!! मी त्याला खुर्चीसकट ढकलला. तो डब्यांवर, डबे त्याच्यावर, दणादण, दणादण! तो खालून ओरडतोय, ‘ऐका, एक पत्र आलं होतं…’ मी म्हटलं, ‘पत्र गेलं खड्ड्यात!’ आणि लाथ. त्याने डब्याचं झाकण उचललं आणि आडवं घातलं माझ्या बरगडीत, ही बरगडी, आणि परत घातलं, तर ही. काटकुळा होता पण हात जबरदस्त, दिवसभर डबे उचलतो ना. मी टेबलावर पडलो, टेबलावरचा दिवा फुटला, माझा चष्मा उडाला, त्याने त्यावर पाय दिला. तेवढ्यात तो माझ्या अंगावरून हात लांब करून कीबोर्डकडे जायला लागला, म्हणतोय, ‘थांबा हो, पुढचं बघा, फक्त पुढचं बघा…’ मला काय वाटलं, आता हा उरलेसुरले बाबाही पुसतोय! माझ्याच डोळ्यांदेखत! मग मी पिशवीत हात घातला. हाताला जे लागलं ते काढलं. आणि त्याच्या तोंडावर हाणलं.

कॅसेट होती ती.

वीट असते म्हटलं ना. त्याचे पुढचे दोन दात गेले. आणि कॅसेट फुटली. मधोमध. फीत बाहेर आली, सगळीकडे, खुर्चीवर, त्याच्या गळ्यात, माझ्या बोटांत… मी तिथेच खाली बसलो आणि ती गोळा करायला लागलो. दिसत काही नाही, दोन बोटं चालत नाहीत, नाक गळतंय, आणि मी ‘बाबा, बाबा’ म्हणत बाबांना हाताने गोळा करतोय. एक माणूस दात शोधतोय आणि एक माणूस बाप शोधतोय, अशी पाच मिनिटं गेली. 

मग त्यानेच रुमाल दिला मला. रक्त त्याच्याही तोंडातून येत होतं, तरी आधी मला दिला. आणि खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाला, ‘हे तुमच्या आईंचं. पोस्टाने पाठवणारच होतो. घरी जाऊन दोघांनी बघा.’

माझ्या आईला हा कसा ओळखतो? विचारायची ताकद नव्हती. घरी आलो. आई दारातच उभी. मला बघितलं, पेन ड्राइव्ह बघितला, आणि खाली बसली. म्हणाली, ‘मारलंस का त्याला?’ म्हटलं, ‘हो.’ ‘फार?’ म्हटलं, ‘दोन दात.’ तिने कपाळावर हात मारला. ‘अरे मेल्या, ते हेल्मेट मी बसवायला सांगितलं!’

ऐकलंत? आईने! माझ्या आईने! तिने कंपनीला पत्र लिहिलेलं, वर्षभरापूर्वी, की तुम्ही सगळं पुसताय, तर एवढी एक चूक पुसा. का? तर तेव्हा आई तिथेच होती, कपड्यांच्या खोलीत, पहारेकऱ्यांचे अंगरखे शिवायला. हेल्मेटचे पट्टेही तिनेच शिवायचे. आणि त्या दिवशी घाईत तिने एका पट्ट्याला दुहेरी टाका घातला नाही. तो पट्टा बाबांच्या हेल्मेटचा! तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, नुसतं बघणं, हसणं चाललेलं. ती कॅमेऱ्याच्या उजवीकडे उभी होती. पट्टा तुटला, हेल्मेट घरंगळलं, आणि बाबांनी पडल्या पडल्या बघितलं कुणाकडे? जिचा टाका उसवला तिच्याकडे! म्हणून हसले! ती लाजेने आणि भीतीने पळाली ती कपड्यांच्या खोलीत, टांगलेल्या अंगरख्यांच्या मागे जाऊन बसली. ‘सत्तेचाळीस वर्षं,’ म्हणाली, ‘सत्तेचाळीस वर्षं ते दृश्य आलं की मला माझा टाकाच दिसतो. अख्ख्या जगासमोर उसवलेला. त्यांचं चांगलं मरण माझ्यामुळे वाया गेलं.’

 टीव्ही तर मीच फोडलेला. शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणला, पेन ड्राइव्ह लावला. त्यात तेच दृश्य, पण न कापलेलं. त्या पुसणाऱ्याने डब्यातून उरलेला तुकडा शोधून काढलेला, आणि आवाजाची फीत वेगळी होती ती दुसऱ्या डब्यातून शोधून जोडलेली. दांडा, पडणं, भिंत, हेल्मेट सुटतं, बाबा हसतात. लॅपटॉपला नाक लावून बघत होतो मी. स्वच्छ! एक रेघ नाही! दाढी वाढलेली कळतेय, दाताचा टवका उडालेला कळतोय. आणि दीड सेकंद संपतो… आणि दृश्य थांबत नाही. बाबा उठून बसतात. अंगावरची धूळ झटकतात. आणि बोलतात! मी बाबांचा आवाज विसरलो होतो हो. पातळ आवाज आहे, माझ्यासारखा. हात जोडून म्हणतात, ‘साहेब, चूक माझी. पट्टा मीच नीट लावला नव्हता. परत घ्या, परत मरतो.’

मागून दिग्दर्शकाचा आवाज येतो: ‘परत कसा मरतोस? भिंत पडली! दुसरी भिंत तुझा बाप बांधणार?’ बाबा म्हणतात, ‘भिंतीशिवाय मरतो, साहेब.’ तो म्हणतो, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ बाबा म्हणतात, ‘बरं.’ एवढंच. मग हेल्मेट उचलतात, तुटलेला पट्टा बघतात, खिशात घालतात, आणि जातात. पाचव्या सिनेमात बाबा नाहीत. का नाहीत ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिला ते म्हणाले होते, गुडघे दुखतात, सोडलं काम.

आईने खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. मग तिने मला परत लावायला सांगितलं. मग परत. मी लहानपणी करायचो तसं, मागे-पुढे, मागे-पुढे. सोळाव्या-सतराव्या वेळेला आमची आई एकटीच हसली, गालातल्या गालात, आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, ‘मला वाटायचं, ते माझ्या टाक्याला हसले.’ म्हटलं, ‘मग?’ तर म्हणाली, ‘अरे, घाबरू नकोस म्हणत होते.’

आता एवढ्यावर संपायला हवं होतं की नाही? माणूस म्हणेल, वा, गंगेत घोडं न्हालं! पण आमची आई ती! दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरगड्यांना पट्टा बांधून चहा घेतोय, दोन बोटांना फळी, चष्मा नाही, बशी समजून वर्तमानपत्रावर कप ठेवतोय, आणि आई समोर येऊन उभी. शांतपणे म्हणते, ‘मी ठरवलंय. ते हेल्मेट काढायला पाहिजे. ते हसताहेत ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. पुढच्या पेटीत तरी. तू जा आणि त्या पुसणाऱ्याला तेवढं सांगून ये.’

छत्तीस चौकटी! दोन महिन्यांचं काम! आता मला सांगा, गोळ्यांनो, ज्याचे पुढचे दोन दात मी हेल्मेट बसवलं म्हणून पाडले, त्याच्या दारात जाऊन, बाबा रे, ते जरा काढतोस का, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?